स्ट्रक्चरल ऑडिट: यंत्रं किती आणली ते सोडा, गिलावा कुठे फोडला ते विचारा

काँक्रीटच्या राहत्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं का? इमारत जुनी असेल तर नक्की घ्यावं. छताला गंजाचे डाग आणि सतत ओल दिसत असेल तर वय न बघता घ्यावं. पण या एकाच नावाखाली दोन फार वेगळ्या सेवा मिळतात. एकीत तपासणारा माणूस गच्ची, टाकीखालची जागा, मोऱ्या आणि पाइपांचे डक्ट पालथे घालतो, छिन्नीने खांबाचा गिलावा काढतो आणि मग यंत्राला हात लावतो. दुसरीत तळमजल्यावरच्या चार खांबांवर चाचणीचा हॅमर टेकवून जाडजूड अहवाल बांधून दिला जातो. दोन्ही अहवाल टेबलावर सारखेच दिसतात. फरक कुठे असतो, ते इथे सांगतो.

या सेवेचा सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे नुसत्या डोळ्यांनी आणि हातोडीने केलेली पाहणी. भेग दिसली की तिची दिशा वाचता आली पाहिजे. गिलाव्यावर जाळीसारख्या पसरलेल्या बारीक भेगा बहुतेक वेळा गिलावा सुकताना पडलेल्या असतात. वीटकाम आणि खांब यांच्या सांध्यावरची उभी भेग दोन वेगळ्या सामानांच्या आकुंचनामुळे पडते, तिच्यामुळे कोणी घर सोडण्याची गरज नसते. बीमच्या खालच्या अंगाला मधोमध केसासारख्या उभ्या भेगा असतील आणि त्यांची रुंदी साधारण ०.३ मिमीच्या आत असेल, तर काँक्रीट आपलं नेहमीचं काम करतंय. पण तीच भेग बीमच्या टोकाजवळ, खांबाच्या तोंडाशी, तिरपी चढत गेलेली असेल तर ती कातरबलाची, म्हणजे बीमला आडवं कापू पाहणाऱ्या जोराची असते. असा बीम फारशी सूचना न देता तुटतो. बीमविना थेट खांबांवर टेकलेल्या स्लॅबमध्ये खांबाभोवती गोलाकार तडे दिसले, तर खांब स्लॅबला भोसकून वर येण्याचा धोका असतो.

सळईच्या रेषेत सरळ धावणारी, तांबूस डाग असलेली भेग गंजाची. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा २ ते ६ पट जागा मागतो, म्हणून सळईवरचं काँक्रीट आतून ढकललं जाऊन पोपडे सुटतात. अशी जागा हातोडीने वाजवली की बद्द आवाज येतो. स्लॅबमध्ये हे झालं तर दुरुस्तीला वाव असतो. खांबात मात्र उभ्या भेगा पडल्या, उभ्या सळयांना बांधून ठेवणाऱ्या आडव्या रिंगा गंजून तुटल्या आणि उभ्या सळया बाहेरच्या बाजूला वाकू लागल्या, तर तिथे चर्चेला वेळ नसतो. सळया वाकू न देणं हे रिंगांचं काम. त्या गेल्या की वरचे सगळे मजले त्या खांबात उरलेल्या काँक्रीटवर उभे असतात.

म्हणून ऑडिट करणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारावा: किती घरांत आत जाऊन पाहिलं, आणि कोणती घरं पाहायला मिळाली नाहीत? बंद घरांची यादी अहवालात नसेल तर तो अहवाल अर्धाच आहे. फॉल्स सीलिंगमागचे स्लॅब, टाइल्स किंवा प्लायवुडने मढवलेले खांब, न्हाणीघराखालची बाजू या जागा सगळ्यात आधी सडतात आणि सगळ्यात शेवटी उघड्या पडतात. मढवलेला एकही खांब उघडून पाहिला नसेल तर अहवालातला ‘समाधानकारक’ हा शब्द अंदाजाने लिहिलेला आहे.

बाल्कनी स्वतंत्रपणे बघायला हवी. बाहेर काढलेल्या स्लॅबची मुख्य सळई वरच्या बाजूला असते आणि पाणीही वरूनच मुरतं. त्यामुळे खालून छान रंगवलेली बाल्कनी आतून खंगलेली असू शकते. बांधताना मजुरांच्या पायाखाली ती सळई दबून खाली गेली असेल तर बाल्कनी पहिल्या दिवसापासूनच कमजोर. कव्हर मीटरने, म्हणजे काँक्रीट न फोडता सळई शोधणाऱ्या यंत्राने, वरून सळईची खोली मोजायला काही मिनिटं लागतात. हे मोजमाप मागून घ्यावं.

आता यंत्रांकडे येऊ. रिबाउंड हॅमर, म्हणजे काँक्रीटवर ठोका मारून उसळी मोजणारं यंत्र, सगळ्यांत जास्त वापरला जातो, आणि त्याच्यावर सगळ्यांत जास्त भरवसाही टाकला जातो. तो फक्त पृष्ठभागाचा कठीणपणा सांगतो. गिलावा काढून, जागा घासून, कडेपासून दूर, एकेका जागी अनेक ठोके घेऊन सरासरी काढली तरच त्या आकड्याला अर्थ असतो. शिवाय जुन्या काँक्रीटचा वरचा थर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून टणक होतो, त्यामुळे आकडा फुगतो. जिथे सळई गंजायला लागलेली असते, नेमकं तिथलंच काँक्रीट हॅमरला मजबूत वाटतं. फक्त हॅमरवर बेतलेला अहवाल घेऊ नये.

अल्ट्रासोनिक चाचणी त्याहून उपयोगी आहे. ध्वनिलहर सेकंदाला ४.५ किमीपेक्षा वेगाने आरपार गेली तर काँक्रीट उत्तम, ३.५ ते ४.५ चांगलं, ३ च्या खाली शंकास्पद. पण दोन्ही प्रोब समोरासमोरच्या बाजूंना लावून वाचन घेतलं की एकाच बाजूला लावून, ते अहवालात लिहिलेलं असावं. एकाच बाजूने घेतलेल्या वाचनात वेग कमी येतो आणि आतल्या पोकळ्या चुकतात.

फेनॉल्फ्थॅलीनची फवारणी ही सर्वांत साधी चाचणी आहे, आणि आमच्या मते सर्वांत प्रामाणिकही. ताज्या फोडलेल्या, धूळ झटकलेल्या काँक्रीटवर द्रावण मारलं की निरोगी भाग गडद गुलाबी होतो आणि सळईला गंजापासून वाचवणारी अल्कता गेलेला भाग रंगहीन राहतो. रंगहीन थर सळईपर्यंत पोहोचला असेल तर तिचं संरक्षण संपलेलं आहे. हा थर साधारण काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. २० वर्षांत १० मिमी गेला असेल तर २० मिमी व्हायला बांधल्यापासून एकूण ८० वर्षं लागतील. म्हणजे या थराची खोली आणि सळईवरचं कव्हर (तिच्यावरच्या काँक्रीटची जाडी) हे दोन आकडे शेजारी मांडले की उरलेला वेळ बराचसा कळतो. एक मर्यादा लक्षात ठेवावी. मीठ शिरलेलं काँक्रीट गुलाबी राहूनही आत सळई गंजते. खारं पाणी वापरून बांधलेल्या किंवा समुद्राजवळच्या इमारतीत क्लोराइडची, म्हणजे मिठाची, चाचणी वेगळी करावीच लागते.

गंज चालू आहे का, हे सळईचा विद्युतदाब मोजणारी हाफ-सेल चाचणी सांगते. तांबं-मोरचुदाच्या इलेक्ट्रोडने उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त ऋण वाचन आलं तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक. उणे २०० पर्यंतच राहिलं तर गंज नसण्याची शक्यता तितकीच. त्यासाठी एका जागी सळई उघडी करून तार जोडावी लागते. कुठेही खड्डा न करता हाफ-सेलचे आकडे दिलेले दिसले तर थेट विचारावं की तार कुठे जोडली होती.

शेवटचा शब्द कोअरचा, म्हणजे काँक्रीटमधून कापून काढून दाबून तपासलेल्या दंडगोल नमुन्याचा. तीन कोअरची सरासरी ताकद अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्के आणि कोणताही एक ७५ टक्क्यांच्या खाली नाही, ही सर्वत्र रूढ कसोटी आहे. कोअर काढण्याआधी सळई कुठे आहे ते शोधावं आणि नंतरचं भोक न आकसणाऱ्या ग्राउटने (पातळ सिमेंट-मिश्रणाने) भरावं. कोअर फक्त सोयीच्या जागेतून काढले असतील तर निकाल सोयीचाच येणार.

या सेवेत नेहमी राहून जाणारी एक गोष्ट म्हणजे मागाहून चढवलेलं वजन. गळती थांबवायला जुना थर न काढता गच्चीवर १० सेंमी काँक्रीट ओतलं, तर दर चौरस मीटरला सुमारे २४० किलो वाढले. घराच्या स्लॅबला माणसं आणि सामान यांच्यासाठी धरलेला भारच साधारण २०० किलोच्या आसपास असतो. एक हजार लिटरची जादा टाकी म्हणजे एक टन. गच्चीच्या थराची जाडी भोक पाडून मोजली का, हे जरूर विचारावं.

अहवालाची भाषा हा यंत्रांइतकाच गंभीर मुद्दा आहे. फ्लोरिडातल्या सर्फसाइड इथल्या शॅम्प्लेन टॉवर्स साउथच्या २०१८ च्या अहवालात पोहण्याच्या तलावाभोवतालच्या डेकचं वॉटरप्रूफिंग निकामी झाल्याचं, डेकला उतार नसल्याने पाणी साचत असल्याचं आणि खालच्या स्लॅबचं मोठं नुकसान झाल्याचं लिहिलेलं होतं. इमारत लगेच पडू शकते, असं मात्र त्यात नव्हतं. २४ जून २०२१ ला ती कोसळली आणि ९८ माणसं गेली. म्हणून ‘लवकर दुरुस्ती करावी’ हे वाक्य स्वीकारू नये. कोणता खांब, कोणत्या तारखेच्या आत, तोवर टेकू कुठे, कोणती खोली रिकामी करायची, हे प्रत्येक घटकासमोर लिहून मागावं. भूकंपानंतरच्या पाहणीत हिरवा, पिवळा आणि लाल फलक लावतात: राहता येईल, मर्यादित वापर, आत जाऊ नये. ऑडिटनेही इतकंच स्पष्ट बोलावं.

आणि सांगाडा ठणठणीत निघाला म्हणजे घर सुरक्षित झालं, असं नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरचा काँक्रीटचा सांगाडा २०१७ च्या आगीनंतरही उभा होता. बाहेरच्या ज्वलनशील आवरणातून आग पसरली आणि ७२ जण गेले. त्याच शहरात १९६८ मध्ये रोनन पॉइंटच्या अठराव्या मजल्यावरच्या एका घरात गॅसचा स्फोट झाला आणि इमारतीचा अख्खा कोपरा खाली आला. वायरिंग, गॅस, जिन्याची मोकळी वाट आणि बाहेरचं आवरण हे सगळं स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये सहसा येत नाही, त्यामुळे ते वेगळं सांगावं लागतं. वायरिंगसाठी ५०० व्होल्टवर इन्सुलेशनचा रोध किमान १ मेगाओहम आणि ३० मिलिअँपिअरची गळती-संरक्षक कळ, एवढं तरी तपासून घ्या. गॅस गीझर किंवा बॉयलर असेल तिथे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा. युरोपीय मानकाचा अलार्म ३०० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग वायू) ३ मिनिटांत वाजतो, पण ५० पीपीएमला ६० ते ९० मिनिटं घेतो. डोकं जड झालं तर त्याच्या वाजण्याची वाट न पाहता खिडक्या उघडून बाहेर पडावं.

भेगेवर टेल-टेल पट्टी बसवून देणारा ऑडिटर मिळाला तर त्याला प्राधान्य द्या. एकमेकींवर येणाऱ्या दोन पारदर्शक पट्ट्या भेगेच्या दोन बाजूंना चिकटवतात, आणि भेग सरकली की मिलिमीटरच्या जाळीवर दिसतं. वाचन तारखेसह काही महिने लिहावं, कारण उन्हाळ्या-हिवाळ्यात भेग थोडी हलतेच. एकाच दिशेने वाढत गेली तर काळजीचं.

टेकूंबद्दल ही सेवा हमखास कमी पडते. दुसऱ्या मजल्याच्या बीमला दिलेला टेकू पहिल्या मजल्याच्या स्लॅबवर सोडून चालत नाही. त्याच्या बरोबर खाली तळमजल्यापर्यंत टेकू उतरवत न्यावे लागतात, आणि प्रत्येकाच्या पायाखाली फळी हवी. याचं रेखाचित्र अहवालासोबतच घ्या. मात्र नीट लागणारी दारं अचानक अडकू लागली, भेग काही तासांत रुंदावली, खांबातून कडकड आवाज आले किंवा काँक्रीटचे तुकडे उडू लागले, तर टेकू लावायलाही कोणाला आत पाठवू नका. लिफ्ट न वापरता सगळ्यांना खाली उतरवा, जमलं तर जाता जाता गॅसचा मुख्य कॉक बंद करा, इमारतीच्या उंचीपेक्षा जास्त अंतरावर जाऊन थांबा आणि अग्निशमन दलाला बोलवा.