निळी बदकं धरावीत की चॉकलेटी? दोन खुराडी असणाऱ्यासाठी

दोन खुराडी, एक सिमेंटचा हौद आणि गोठ्यामागं थोडी मोकळी जागा. कोल्हापूरच्या आसपास बदकांचा नाद लागलेल्या बहुतेकांकडं एवढंच असतं. पांढरी पेकिन आणि खाकी कॅम्पबेल पाळून झाली की डोळे रंगाकडं वळतात. गेल्या महिन्यात वडणग्याचा एक पोरगा घरी आला. मोबाईलमध्ये दोन फोटो, एक निळ्या जोडीचा, एक चॉकलेटी जोडीचा. म्हणाला, "दादा, पैसे एकाच जोडीचे आहेत. कुठली घेऊ?"

मी दोन्ही पाळली आहेत. त्याला मी चॉकलेटी सांगितली. का सांगितली ते इथं नीट मांडतो, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

रंग डोळ्याला कुठला आवडतो हे ज्याचं त्यानं ठरवावं. रोज सकाळी खुराड्याचं दार उघडून आपल्यालाच बघायचं असतं. पण पैदास करायची असेल तर त्याआधी एक हिशोब घाला: एका उबवणीत निघालेल्या पिल्लांपैकी आपल्या कामाची किती, आणि उरलेल्यांचं काय करायचं? कोंबड्याला आपल्याकडं गिऱ्हाईक दारात येतं. बदकाच्या मटणाला कोल्हापुरात तसा कायमचा खप नाही. नको असलेलं पिल्लू दोन-तीन महिने भरडा खात बसतं आणि तेवढ्या दिवसांत आपला हात आखडतो. मी तरी नाद सोडणारी माणसं रंग आवडेनासा झाला म्हणून सोडताना पाहिली नाहीत. जास्तीची पिल्लं सांभाळता येईनात म्हणून सोडताना पाहिली.

आधी निळं घेऊ. चांगलं निळं बदक म्हणजे ओल्या पाटीचा रंग, डोकं थोडं गडद, आणि पाठीवरच्या प्रत्येक पिसाला बारीक काळपट किनार. पावसाळी उजेडात तर नजर हटत नाही. पण हा निळा मुळात काळाच असतो, पातळ केलेला. काळ्या पिसावर एक जीन बसतो आणि काळेपणा फिका करतो. तो जीन आई किंवा बाप एकाकडूनच आला तर पिल्लू निळं. दोघांकडूनही आला तर काळेपणा आणखी उतरतो आणि पिल्लू चंदेरी होतं. परसातली गुलबक्षी आठवा. लाल आणि पांढऱ्याच्या संकरातून गुलाबी फूल येतं, आणि त्या गुलाबीचं बी पेरलं की लाल, गुलाबी, पांढरी तिन्ही उगवतात. बारावीच्या जीवशास्त्रात आपण हे शिकलेले असतो. निळं बदक म्हणजे ती गुलाबी गुलबक्षी.

मी पहिली निळी जोडी आणली तेव्हा विकणाऱ्यानं सांगितलं होतं की निळ्यातून निळीच निघतात. चौदा अंडी बसवली, अकरा पिल्लं निघाली. चार काळी, पाच निळी, दोन चंदेरी. त्या दिवशी मला वाटलं की अंडी कुठंतरी बदलली गेली. तसं काही नव्हतं. निळा गुणिले निळा केलं की सरासरीनं चारात एक काळं, दोन निळी, एक चंदेरी हे ठरलेलंच आहे, आणि कितीही पिढ्या निवड करत बसलात तरी हे प्रमाण हलत नाही. निळा रंग "पक्का" होत नाही. कुणी पक्की निळी ओळ विकतो म्हणाला तर तिथं पैसे देऊ नका.

यावर उपाय आहे आणि तो चांगला आहे. चंदेरी नर आणि काळ्या माद्या लावा, झाडून सगळी पिल्लं निळी. एका खुराड्यात एक नर, चार-पाच माद्या, आणि नको असलेल्या रंगाचं एकही पिल्लू नाही. रंगाच्या बाबतीत यापेक्षा सरळ हिशोब दुसरा कुठला नाही. अडचण एवढीच की त्यासाठी चंदेरी नर हाताशी लागतो. आपल्या भागात तो क्वचित मिळतो. शिवाय चंदेरी म्हणून पांढरं बदक गळ्यात पडण्याची भीती असते. पेकिनचा पांढरा हा वेगळाच जीन आहे, दोन्ही बाजूंनी आला तरच दिसतो, पण दिसला की खालचे सगळे रंग झाकून टाकतो. पांढऱ्या बदकाच्या पोटात काय रंग आहे हे पिल्लं निघेपर्यंत कळत नाही. चंदेरीच्या पिसात राखेची झाक असते आणि चोच पेकिनसारखी नितळ नारिंगी नसते. उन्हात धरून बघा, फोटोवर जाऊ नका.

आता चॉकलेटी. इथं थोडं सविस्तर बोलतो, कारण खरी गंमत इथंच आहे.

चॉकलेटी म्हणजेही काळंच, पण काळ्याचा तपकिरी करणारा जीन वेगळ्या जागी बसलेला असतो. तो नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्रावर आहे. माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, पक्ष्यांत आईकडून. नराकडं ते मोठं गुणसूत्र दोन, मादीकडं एकच. म्हणून नर चॉकलेटी व्हायला तो जीन दोन्हीकडून यावा लागतो, मादीला एक पुरतो. यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही खरेदीच्या वेळी उपयोगी पडतात. एक, मादी या बाबतीत काही लपवू शकत नाही. ती दिसायला काळी असेल तर तिच्यात चॉकलेटी नाहीच. "काळी आहे पण पोटात चॉकलेटी आहे" असं सांगून कुणी मादी विकत असेल तर ते चूक आहे. दोन, नर मात्र लपवू शकतो. काळा नर चॉकलेटीचा निम्मा वारस असू शकतो आणि बघून कळत नाही.

पण सगळ्यात मोठा फायदा पुढं आहे. चॉकलेटी नर काळ्या माद्यांवर सोडला की सगळ्या मुली बापासारख्या चॉकलेटी आणि सगळे मुलगे काळे. म्हणजे पिल्लू वाळलं की त्याच दिवशी नर कुठला आणि मादी कुठली हे अंगावर लिहिलेलं असतं. दिव्याखाली बघू नका, तिथं सगळीच काळी दिसतात. सकाळच्या उन्हात उंबऱ्यावर न्या. एकाची लव कोळशासारखी, दुसऱ्याची भाजलेल्या कॉफीसारखी, चोच आणि पायही पिंगट. एकदा डोळा बसला की चूक होत नाही.

निळ्यात हे नाही. तिथं आवाज फुटेपर्यंत थांबावं लागतं, साधारण सहा ते आठ आठवडे. मादी मोठ्यानं क्वॅक करते, नराचा आवाज घोगरा राहतो. शेपटीचं वळलेलं पीस तर त्याच्याही नंतर येतं. पहिल्याच दिवशी शेपटीखाली दाबून बघणारे लोक आहेत, पण सराव नसेल तर पिल्लू दुखावतं, म्हणून मी ते कुणाला सांगत नाही. ज्याच्याकडं दोनच खुराडी आहेत त्याला पहिल्या दिवशी नर वेगळे करून देता येणं आणि दोन महिने सगळ्यांना पोसणं यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

एक ताकीद. जोडी उलटी लावू नका. शुद्ध काळा नर आणि चॉकलेटी मादी लावली तर सगळी पिल्लं काळी निघतात. मी एका हंगामात तेच केलं आणि एकही चॉकलेटी पिल्लू न बघता वर्ष गेलं. मुलग्यांत रंग दडलेला होता, पण तो बाहेर काढायला आणखी एक पिढी लागली.

चॉकलेटीची दुसरी जमेची बाजू म्हणजे तिचा जीन आपल्या दारातच आहे. खाकी कॅम्पबेलचा खाकी याच तपकिरी जीनमुळं आलेला असतो. इंग्लंडातल्या ग्लॉस्टरशायरमध्ये अ‍ॅडेल कॅम्पबेल या बाईंनी इंडियन रनर, रुआँ आणि रानटी मॅलार्ड यांच्या संकरातून ही जात घडवली, ती जास्त अंड्यांसाठी. रंगाच्या नादात असलेल्या आपल्यासाठी ती फुकटची देणगी आहे. खाकी नर आणि काळ्या माद्या एवढ्यावर सुरुवात होते. पहिल्या पिढीत सगळ्या मुली चॉकलेटी. गळ्याखाली किंवा पिसांच्या कडेला थोडी खाकीची खूण राहते, पण रंग चॉकलेटीच. मुलगे काळे, पोटात एक चॉकलेटी घेऊन.

दुसऱ्या पिढीत ते काळे मुलगे चॉकलेटी मुलींवर लावले तर सोळा पिल्लांमागं सरासरी सहा चॉकलेटी, सहा काळी, आणि चार अशी ज्यांच्यात काळ्याचा पायाच, म्हणजे अंगभर काळं करणारा जीनच नाही, ती खाकीकडं किंवा रानटी नक्षीकडं झुकलेली. त्या सहा चॉकलेटींत पहिल्यांदा नर सापडतात, आणि तेच खरं धन. सख्खी भावंडं मात्र लावू नका. सुरुवातीलाच दोन वेगळ्या ठिकाणचे खाकी नर घ्या आणि एकाच्या मुली दुसऱ्याच्या मुलग्यांना द्या. खर्च होतो तो काळ्या माद्या शोधण्यात. हिरवी चमक असलेली, छातीवर पांढरा डाग नसलेली काळी मादी मिळाली तर घासाघीस करू नका.

आता चॉकलेटीच्या उण्या बाजू. हा रंग उन्हात उडतो. मार्च ते मे आपल्याकडं जे ऊन असतं त्यात पाठीवरची पिसं चहाच्या डागासारखी फिकट होतात आणि नवीन पीस येईपर्यंत तशीच राहतात. म्हणून पैदाशीचे पक्षी निवडायचे ते पिसं झडून नवी आल्यावर, उन्हाळ्यात नाही. हौदावर गोणपाटाची किंवा शेडनेटची सावली लागते. निळ्यालाही ऊन लागतं पण इतकं उठून दिसत नाही. वयाबरोबर माद्यांच्या अंगावर पांढरी पिसं येणं हे मुळात काळा रंग असलेल्या सगळ्याच बदकांत होतं. चॉकलेटीत आणि काळ्यात ती चटकन दिसतात, निळ्यात कमी.

दुसरी उणीव म्हणजे वही. निळ्यात पक्षी बघितला की त्याचा जीन कळतो, लपलेलं काही नसतं. चॉकलेटीत काळा नर शुद्ध काळा की निम्मा वारस हे नोंदीशिवाय कळत नाही. २०२१ च्या पुरात आमच्या खुराड्यात पंचगंगेचं पाणी आलं. बदकं वाचली, कागदाची वही भिजून लगदा झाली, आणि सात काळ्या नरांपैकी कुठला कुणाचा हे सांगायला कुणी उरलं नाही. तेव्हापासून पायात रंगीत प्लॅस्टिकच्या रिंगा घालतो आणि प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो ठेवतो. नदीकाठच्या गावात राहत असाल तर चॉकलेटी धरण्याआधी हे मनावर घ्या. नोंदी ठेवायचा खरंच कंटाळा असेल तर मात्र चंदेरी नर मिळेपर्यंत थांबा आणि निळीच धरा.

दोन्हीत सारखं असलेलं थोडक्यात सांगतो. अंडी २८ दिवसांत फुटतात. खाकी मादी अंड्यावर सहसा बसत नाही, म्हणून खुडूक देशी कोंबडीखाली आठ-नऊ अंडी ठेवा किंवा मशीन घ्या. पिल्लांना नायसिन (ब गटातलं एक जीवनसत्त्व) कोंबडीच्या पिल्लापेक्षा जास्त लागतं, कमी पडलं तर पाय वाकडे होतात. आणि बुरशी लागलेला मका किंवा शेंगपेंड चुकूनही घालू नका. बुरशीच्या अफ्लाटॉक्सिन विषाला बदकाचं पिल्लू कोंबडीच्या पिल्लापेक्षा फार नाजूक असतं. आपल्याकडं जून ते सप्टेंबरात पोत्याला ओल धरते, म्हणून या दिवसांत खाद्य आठवड्यापुरतंच आणावं.

डोक्यावर तुरा असलेली बदकं कुणी रंगाबरोबर विकायला आणली तर एवढं लक्षात ठेवा की तुऱ्याची जोडी लावली की चौथा हिस्सा पिल्लं अंड्यातच मरतात. आणि रंकाळ्यावर किंवा कळंब्यावर दिसणारं हळदीकुंकू बदक रंगासाठी आणायचा विचारही नको. ते १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे. आपली पाळीव बदकंही तळ्यात सोडू नयेत, कारण ती त्यांच्याशी संकर करतात आणि रानातली जात बिघडते.

वडणग्याच्या पोराला शेवटी जी गोष्ट पटली ती अशी. चॉकलेटीनं सुरुवात केली म्हणून निळ्याचं दार बंद होत नाही. उद्या कुठं चंदेरी नर मिळाला तर तो चॉकलेटी माद्यांवर सोडायचा. नराकडचा चॉकलेटी नसलेला जीन मुलामुलींत दोघांतही उतरतो, त्यामुळं सगळी पिल्लं निळीच निघतात, आणि वर मुलग्यांच्या पोटात चॉकलेटीही राहतो. निळ्यापासून सुरुवात केली तर चॉकलेटीसाठी खाकी नर आणून पहिल्यापासून सगळं मांडावं लागतं.

तो निळ्या जोडीचे पैसे घेऊन आला होता, खाकी नर आणि तीन काळ्या माद्या बघायला गेला. त्या माद्या आधी दुसऱ्या नराबरोबर होत्या, म्हणून त्याला सांगितलंय की पहिले तीन आठवडे अंडी पोळीबरोबर खा, बसवू नका. मादीच्या पोटात आधीच्या नराचं बीज दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतं. त्यानंतरच्या प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीनं तारीख घाल. दिवाळीच्या आसपास पिल्लं निघाली तर सकाळच्या उन्हात उंबऱ्यावर घेऊन बसायचं आहे, काळी एकीकडं, कॉफीची दुसरीकडं. मलाही बोलावलंय.