नाकापेक्षा मोती जड? जपानहून डेलिका मणी मागवण्याचा मुंबईतला हिशोब

मियुकी या जपानी कंपनीचा डेलिका ११/० (हा आकडा मण्याच्या मापाचा) हा मणी गोल नसतोच. तो काचेच्या बारीक नळीचा तुकडा असतो. व्यास साधारण १.६ मिमी, लांबी १.३ मिमी, भोक ०.८ मिमीच्या आसपास, आणि ग्रॅमला जवळपास दोनशे नग. हिरोशिमा प्रांतातल्या फुकुयामात बनणाऱ्या या मण्याचं सगळं मोल त्याच्या सारखेपणात आहे. सुईवर वीस ओवा, २६ मिमी भरतात. पुढचे वीस ओवा, पुन्हा तेवढेच. पेयोट किंवा ब्रिक या सुईदोऱ्याने मणी विणायच्या टाक्यांतली पट्टी कापडासारखी सपाट पडते ती यामुळेच.

निकाल आधीच सांगायचा तर मण्याला दहापैकी नऊ, आणि तो मुंबईत घरापर्यंत आणण्याच्या वाटेला साडेपाच.

आधी इथल्या बाजाराबद्दल. अब्दुल रहमान स्ट्रीटवर क्रॉफर्ड मार्केटच्या अंगाला मणी-मोत्यांची जी दुकानं आहेत, तिथे काचेचे बारीक मणी वजनावर मिळतात, मोठं पाकीट बहुधा साडेचारशे ग्रॅमचं. रुखवतातलं मोतीकाम, तोरणं, गौरीचे हार, चौरंगाभोवतीची झालर यांना हा माल उत्तम. जिथे मणी दोऱ्यावर सुटा लोंबतो किंवा तारेत बसतो, तिथे त्याचा थोडा लहानमोठेपणा खपून जातो, उलट हाताने केल्याची गंमत येते. पण हाच मणी पेयोटमध्ये घातला की दहाव्या ओळीपासून कडा लाटा घ्यायला लागते. कारण तो मेदूवड्यासारखा गोलसर असतो, शिवाय एकाच पाकिटात जाड, बारीक, तिरक्या तोंडाचे आणि भोक बुजलेले असे सगळे नांदतात. निवडून घ्यावे तर पाकिटातला बराच माल बाजूला पडतो, डोळे शिणतात ते वेगळंच. म्हणजे नक्षी मोजून विणायची असेल तरच परदेशी मण्याचा विचार करावा. निव्वळ काळ्या मण्यांची पोत ओवायला जपानकडे बघायचं काही कारण नाही.

मागवण्याआधी गरज मोजायला हवी, कारण इथेच लोक चुकतात. वीस मणी रुंद आणि १६० मिमी लांब अशी पेयोटची पट्टी धरा. रुंदी २० गुणिले १.३, म्हणजे २६ मिमी. लांबीत प्रत्येक उभ्या रांगेत १६० भागिले १.६, म्हणजे शंभर मणी. एकूण दोन हजार, म्हणजे दहा ग्रॅम. आता मणी भरून विकतात ती बाजारात सर्रास दिसणारी नळी ७.२ ग्रॅमची असते. एकाच रंगाची जमीन, म्हणजे नक्षीमागचा भाग, असेल तर एक नळी पुरत नाही आणि दुसरी अर्धीअधिक उरते. म्हणून जमिनीचा रंग ग्रॅमवारी मागवावा, नक्षीचे रंग नळीने. दहावर पाच टक्के जास्त धरले की तुटलेले नि बुजलेले भरून निघतात. डेलिकात ते निघतात, पण चिमूटभरच.

आता पैशांचं बघू. आयातीचं शुल्क केवळ मण्यांच्या किमतीवर लागत नाही. किंमत, भाडं आणि विमा यांच्या बेरजेवर लागतं. त्या बेरजेवर आधी मूळ सीमाशुल्क, मूळ शुल्काच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार, आणि मग या सगळ्यांच्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. करावर कर चढतो तो असा. वैयक्तिक वापराच्या मालावर मूळ शुल्क ३५ टक्के आणि आयजीएसटी २८ टक्के होता, त्या काळात एकूण बोजा ७७.२८ टक्के व्हायचा, नि मण्यांपेक्षा कराचाच डोलारा मोठा दिसायचा. सप्टेंबर २०२५ मध्ये आयजीएसटी १८ टक्क्यांवर आला. मूळ शुल्क मधल्या काळात ३५ वरून २० वर आलं होतं, ते फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पाने १० टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं. खालचा हिशोब १० आणि १८ धरून केला आहे. अधिभारासकट एकूण ३०.९८ टक्के होतात. बिलावर वेगळा दर असेल तर तो घालून हाच हिशोब पुन्हा मांडायचा.

समजा मणी ग्रॅमला वीस रुपये पडतात. दोनशे ग्रॅम घेतले, चार हजार झाले. भाडं बाराशे. एकूण ५२०० वर मूळ शुल्क ५२०, अधिभार ५२, त्यावर आयजीएसटी १०३९, म्हणजे शुल्क १६११. कार्डावर परकीय चलनाचा ३.५ टक्के आकार आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी धरला तर २१५. खासगी कुरिअरने आणलं तर शुल्क आगाऊ भरल्याबद्दल तो स्वतःची फी लावतो. ती ६०० धरली तर जीएसटीसह ७०८. गोळाबेरीज ७७३४, ग्रॅमला जवळजवळ ३९ रुपये. वीसचा मणी दारात येईपर्यंत दुप्पट झाला.

यात सगळ्यात नाठाळ आकडा भाड्याचा आहे, कारण ते मालाच्या वजनाबरोबर हळूहळू वाढत नाही, टप्प्याटप्प्याने उडी मारतं. जपानी टपालाच्या ईएमएस या जलद सेवेचा पहिला टप्पा पाचशे ग्रॅमपर्यंतचा आहे. दोनशे ग्रॅम पाठवले काय नि चारशे, भाडं तेच. चारशे ग्रॅमला माल ८००० आणि भाडं १२०० धरून शुल्क २८५०, कार्डाचे ३८०, कुरिअर फी तीच ७०८. एकूण १३१३८, म्हणजे ग्रॅमला ३३ च्या आत. कुरिअर फी नसेल, म्हणजे टपालाने आणलं, तर ३१ रुपये. टप्पा पूर्ण पाचशेपर्यंत मात्र भरू नये. पुठ्ठ्याचा खोका, फुग्यांचं प्लास्टिक आणि नळ्यांचं स्वतःचं वजन यात साठ-सत्तर ग्रॅम सहज जातात, नि पाच ग्रॅमसाठी पुढचा टप्पा लागतो. नळ्यांऐवजी पिशव्यांत मागवलं तर तेवढ्याच भाड्यात मणी जास्त येतात.

यावरून घ्यायचा निर्णयही सोपा आहे. भारतातला एखादा ऑनलाइन विक्रेता तोच रंग ग्रॅमला चाळीसच्या आत देत असेल तर दोनशे ग्रॅमसाठी जपान गाठू नये. दोघीतिघींनी मिळून चारशे ग्रॅम जमत असतील तरच वाट परवडते. पण एका रंगाचे चारशे ग्रॅम मागवले तर ते घरच्या छंदाचं वाटत नाही, आणि वैयक्तिक वापर आहे की नाही हे ठरवणं कस्टम अधिकाऱ्याच्या हातात असतं. वीस रंग, प्रत्येकी वीस ग्रॅम, असं पार्सल निर्धास्त. विणलेल्या पट्ट्या विकायच्याच असतील तर मात्र वैयक्तिक वापराचं नाव पुढे करू नये. आयात-निर्यात कोड काढावा, डीजीएफटीची, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाची, त्याची फी ५०० रुपये आहे.

भाड्याबद्दल फारसं कुणाला ठाऊक नसलेली एक गोष्ट. २००७ च्या सीमाशुल्क मूल्यांकन नियमांप्रमाणे हवाई मार्गाने आलेल्या मालाचं भाडं शुल्कासाठी मालाच्या किमतीच्या वीस टक्क्यांहून जास्त धरता येत नाही. वरच्या दोनशे ग्रॅमच्या उदाहरणात भाडं १२०० असलं तरी ८०० च धरायला हवं. विम्याचा आकडा ठाऊक नसेल तर किमतीच्या १.१२५ टक्के, म्हणजे ४५ रुपये. मग शुल्क १६११ ऐवजी १५०१ होतं. रक्कम फार नाही, पण छोट्या पार्सलवर जड भाडं लागलं असेल तेव्हा बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे कस्टमकडच्या आयात नोंदीच्या कागदाची, प्रत मागून हा रकाना जरूर बघावा. सोबत शुल्काचा शीर्षक क्रमांकही बघावा. काचेचे मणी ७०१८ मध्ये येतात, वैयक्तिक वापराचा माल ९८०४ मध्ये. चुकून ७११७, म्हणजे नकली दागिने, असं लागलं असेल तर पैसे भरण्याआधीच कुरिअरला लेखी कळवावं. भरल्यावर परतावा मिळवणं म्हणजे बारीक मणी वाळूतून वेचणं.

शंभर रुपयांपर्यंतचं शुल्क वसूल करत नाहीत, हे खरं आहे. पण वरच्या दराने त्यासाठी भाड्यासकट माल सव्वातीनशेच्या आत असावा लागतो, आणि तेवढ्यात जपानहून नळीच काय, कॅटलॉगही येणार नाही. "विक्रेत्याला गिफ्ट लिहायला सांगा" हा सल्ला तर आता उलट घात करतो. १२ डिसेंबर २०१९ च्या अधिसूचनेनंतर भेट म्हणून शुल्कमुक्त सोडवणूक फक्त राख्या आणि जीव वाचवणाऱ्या औषधांना आहे. विक्रेत्याने कस्टमच्या फॉर्मवर "काचेचे मणी, छंदासाठी" असं लिहून खरी किंमत आणि ७०१८.१० हा क्रमांक टाकावा. किंमत कमी दाखवली आणि पार्सल गहाळ झालं तर भरपाईही त्या कमी किमतीचीच मिळते.

टपाल की कुरिअर? कुरिअर वेगवान आहे. पार्सल सहारला विमानतळावर उतरलं की केवायसीसाठी आधार किंवा पॅन मागतात, शुल्क आधी भरून घेतात आणि मग आणून देतात. हे मागणारे मेसेज खोटेही येतात, म्हणून मेसेजमधल्या दुव्यावर न जाता कुरिअरच्या साइटवर आपला क्रमांक घालून बघावं. टपालात ही वरची फी वाचते, पण धीर लागतो. ईएमएसचा क्रमांक तेरा अक्षरांचा असतो, सुरुवात 'ई' ने आणि शेवट 'जेपी' ने. तोच भारतीय टपालाच्या साइटवर चालतो. पार्सल कस्टमने रोखलं तर पत्र येतं. उत्तरात बिल, पैसे गेल्याचा बँकेचा उतारा आणि ओळखपत्र लागतं. बॅलार्ड इस्टेटमधल्या विदेश डाक भवनात खेटा घालायची वेळ आली तर या तिन्हींच्या दोन-दोन प्रती न्याव्यात, आणि विक्रेत्याच्या साइटवरचा मण्यांचा फोटो छापून न्यावा. चाळीस पिशव्यांतले रंगीत दाणे कशाचे, हे तोंडी सांगण्यापेक्षा फोटो लवकर सांगतो. गौरी-गणपतीसाठी माल हवा असेल तर जूनमध्येच मागवलेला बरा.

रंग निवडताना मुंबईची हवा आणि घाम विसरून चालत नाही, विशेषतः सोनेरी घेताना. तन्मणीच्या किंवा चिंचपेटीच्या धाटणीची पट्टी विणायला तीन सोनेरी नेहमी समोर येतात. डीबी-४२ (डीबी म्हणजे डेलिकाचा रंगक्रमांक) हा आतून चांदीचा मुलामा दिलेला, स्वस्त आणि झगझगीत. गळ्यात घातला तर भोकाच्या तोंडापासून काळपटपणा शिरतो, म्हणून तो तोरणाला नि चौकटीला ठेवावा. डीबी-१८३२ हा ड्युराकोट गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे बाहेरून धातूसारखा लेप दिलेला. बाहेरचा लेप साध्या गॅल्व्हनाइज्डपेक्षा बराच टिकतो, रोज घालायच्या बांगडीपट्टीला हाच घ्यावा. डीबी-३१ वर चोवीस कॅरेटचा मुलामा असतो, किंमत कितीतरी पट. आणि शुल्क किमतीवर लागत असल्याने तो दोनदा महाग पडतो. जमिनीला १८३२ आणि फक्त मधल्या फुलाला ३१, ही जोडी देखणी दिसते नि खिशालाही सोसते. काळा डीबी-१० आणि पांढरा डीबी-२०० काचेतच रंगलेले आहेत, त्यांना डोळे झाकून घ्यावं. वरून रंगवलेले गुलाबी-जांभळे मात्र उन्हाच्या खिडकीत फिके पडतात.

मण्यांच्या नादात टोपलीत बाकीचं सामान टाकू नये. सहा पौंडी, ०.१५ मिमीची विणीव पॉलिथिलीन दोरी म्हणजे मूळची मासेमारीचीच दोरी, ती मुंबईत गळाच्या दुकानात मिळते. दहा आणि बारा नंबरच्या मणी ओवायच्या सुया भारतीय पोनी कंपनीच्याही चालतात. वाकतात लवकर, पण सुई शेवटी वाकायचीच. ज्वलनशील गोंद आणि अल्कोहोलच्या शाया हवाई टपालात चालतच नाहीत, एका बाटलीपायी अख्खं पार्सल अडकतं. चिनी ॲपवरून स्वस्त नळ्या मागवायचा रस्ता तर नोव्हेंबर २०२० मध्ये अलीएक्स्प्रेसवर बंदी आली तेव्हाच बंद झाला.

पार्सल हातात आलं की फोडण्याआधी वजन करून बाहेरच्या लेबलवरच्या आकड्याशी ताडून पाहावं, आणि फोडताना सलग व्हिडिओ काढावा. पिशव्यांवर डीबी क्रमांक असतात, पण ४१० आणि ४११ अशा शेजारच्या आकड्यांत अदलाबदल होते. नवी पिशवी जुन्या पिशवीत लगेच ओतायची नाही. प्रत्येकीतले दहा-दहा मणी पांढऱ्या बशीत शेजारी शेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात बघायचे, कारण घाण्यागणिक छटा किंचित बदलते आणि ती ट्यूबलाइटखाली दिसत नाही, विणल्यावर मात्र पट्टीच्या मधोमध रेघ उठते. दोन घाणे निघालेच तर एका ओळीत दोन्हींतले मणी आलटून पालटून घ्यायचे, म्हणजे रेघेऐवजी सगळीकडे सारखी झाक येते.