गच्चीवरचं अ‍ॅक्रिलिक वॉटरप्रूफ कोटिंग: 10 महिने आणि एक अख्खा पावसाळा वापरल्यानंतर

आधी जागेची माहिती, कारण तिच्याशिवाय या अनुभवाचा कुणाला उपयोग नाही. रायगड जिल्ह्यातलं बैठं घर. स्लॅब 22 वर्षांचा, त्यावर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) आणि वर आयपीएस (सिमेंटचा घोटलेला थर). गच्ची 20 बाय 28 फूट, म्हणजे 560 चौरस फूट. कठड्याला आतून 1 फूट उंचीपर्यंत कोटिंग चढवलं, ते आणखी 96 चौरस फूट. माल म्हणजे बादलीत तयार मिळणारं, पाण्याने पातळ होणारं, फायबर घातलेलं पांढरं अ‍ॅक्रिलिक कोटिंग. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दोघांनी मिळून हाताने लावलं, मिस्त्री बोलावला नाही.

निकाल असा: पूर्ण पावसाळ्यात हॉल आणि दोन्ही खोल्यांचं छत कोरडं राहिलं. आदल्या वर्षी जिथे पोपडे सुटून खाली पडत होते तिथे नवी ओल आली नाही. कोटिंग बिघडलं ते दोन ठिकाणी, कुंड्यांखाली आणि पावसाळी पाइपच्या तोंडाशी. दोन्ही ठिकाणी माल चांगला होता, त्याला नको ते काम दिलं गेलं.

बादली आणण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली, खालून छतावर हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज येत असेल, सळीच्या रेषेत भेग दिसत असेल किंवा गंजाचे तांबूस ओघळ असतील, तर आतली सळी फुगून गिलावा आणि काँक्रीट ढकलते आहे. तिथे वरून कितीही कोटिंग लावा, सळी सुधारत नाही. आधी स्लॅबची दुरुस्ती, मग हे. दुसरी तपासणी उताराची. गच्चीवर भरपूर पाणी ओता आणि पाऊण तासाने जा. जिथे पाणी थबकलेलं दिसेल तिथे खडूने गोल करा. उतार निदान 100 ला 1 हवा, म्हणजे 10 फुटांत साधारण सव्वा इंच. अ‍ॅक्रिलिक कोटिंग वाहत्या पाण्याला उत्तम, पण दिवसेंदिवस साठलेल्या पाण्यात ते हळूहळू मऊ पडतं आणि पकड सोडतं. अख्खी गच्चीच सपाट असेल तर हा माल घेऊ नका, आधी उतार करून घ्या.

मापाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. बादलीवर 20 लिटरमध्ये दोन हात 350 चौरस फूट असं छापलेलं होतं. त्या हिशेबाने 656 चौरस फुटांना दोन बादल्या पुरायला हव्या. लागल्या तीन. प्राइमरला 6 लिटर, पहिल्या हाताला 28 आणि दुसऱ्याला 24, असे 58 लिटर. बादलीवरचा आकडा गुळगुळीत पृष्ठभागाचा असतो. खरखरीत आयपीएस, वाटा (कठड्याच्या कोपऱ्यातली सिमेंटची गोलाई) आणि त्यावरची फायबर ग्लासची जाळी माल पितात. लक्षात ठेवायचं माप सोपं आहे: 1 चौरस मीटरवर 1 लिटर पसरलं की ओला थर 1 मिलिमीटर होतो, आणि वाळल्यावर त्याचा साधारण निम्मा उरतो. इथे सगळं मिळून अर्धा मिलिमीटरही थर झालेला नाही. त्यातून माल पुरवण्यासाठी रोलर ओढत नेला तर उरतो तो नुसता पांढरा रंग. उपाय असा: गच्चीवर खडूने 10 बाय 10 फुटांचे चौकोन आखा आणि प्रत्येक चौकोनासाठी एका हाताला 4 लिटर डब्यात मोजून घ्या. तेवढं तिथेच संपलं पाहिजे.

आता पूर्वतयारी. शेवाळं आधी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने भिजवून, तारेच्या ब्रशने घासून, भरपूर पाण्याने धुऊन काढलं. शेवाळ्याची काळी पापडी राहिली की कोटिंग तिला चिकटतं आणि तिच्यासकट उठतं. सुटलेला आयपीएस छिन्नीने काढून टाकला. भेगा नुसत्या वरून बुजवू नका. 4 इंची ग्राइंडरला डायमंड ब्लेड लावून भेग व्ही आकारात 5-6 मिलिमीटर रुंद आणि तेवढीच खोल उघडा, धूळ ब्रशने काढा, मग भरा. बारीक भेगेला तयार क्रॅक पेस्ट पुरते. मुळातच 5 मिलिमीटरपेक्षा रुंद भेगेला आणि खळग्यांना एसबीआर लेटेक्स (सिमेंटमध्ये मिसळायचं रबराचं दुधासारखं द्रव) घातलेला माल, 1 सिमेंट 3 वाळू.

एसबीआर वापरताना एक चूक सर्रास होते. पकडीसाठी आधी स्लरी मारतात (वजनाने 1 भाग एसबीआर, दीड भाग सिमेंट), चहाला जातात आणि ती वाळल्यावर माल थापतात. वाळलेली स्लरी पकड देत नाही, उलट मधे गुळगुळीत पापुद्रा होतो आणि वरचा थर वर्षभरात सुटतो. स्लरी बोटाला चिकटते आहे तोवरच माल बसला पाहिजे. म्हणून एका वेळी चार-पाच फुटांपुरतीच मारायची.

कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तो काटकोन हे गळतीचं खरं मूळ. ऊन-पावसात कठडा वेगळा हलतो, स्लॅब वेगळा, आणि भेग नेमकी त्या कोपऱ्यातून जाते. तिथे 2 बाय 2 इंचाचा वाटा हवाच. 96 फूट लांबीला अंदाजे 20 किलो सिमेंट आणि मापाने तिप्पट वाळू लागली, खळग्यांसकट एसबीआरचा 5 लिटरचा कॅन पुरला. गोलाईसाठी थापीपेक्षा काचेची बाटली जास्त कामाची: ओल्या मालावरून आडवी फिरवली की एकसारखा वाटा उमटतो. वाटा आणि खळगे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात केले, म्हणजे कोटिंगच्या आधी 28 दिवस मिळाले. सिमेंटचं नवं काम पुरतं वाळण्याआधी वर कोटिंग चढवलं की फोड येतात.

गच्ची कोरडी आहे का हे डोळ्यांना कळत नाही. दीड बाय दीड फुटाचा प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी टेपने चिकटवून 16 तास ठेवा. खाली थेंब जमले किंवा जमीन काळपट दिसली तर थांबा. ब्रिकबॅट कोब्यात विटांचे तुकडे असतात, ते पाणी धरून ठेवतात. टाकीच्या सावलीतला कोपरा बाकीच्या गच्चीपेक्षा चार दिवस उशिरा वाळला.

लावण्याची वेळ संध्याकाळी 4 नंतरची. सकाळी गच्ची तापत जाते, आतली हवा आणि वाफ वर येते आणि ओल्या थरात बुडबुडे धरते. संध्याकाळी ती निवत असते, तेव्हा थर आत ओढला जातो. यात एकदा घाई झाली, एक चौकोन दुपारी 12 वाजता लावला गेला आणि चौथ्या दिवशी तिथे लिंबाएवढे तीन फोड आले. ब्लेडने फुलीसारखे चिरले, दोन दिवस उन्हात वाळवले, फोडापेक्षा 2 इंच मोठा जाळीचा तुकडा घालून पुन्हा दोन हात दिले. ते तिन्ही पॅच आजही शाबूत आहेत.

आधी प्राइमर: कोटिंग आणि पाणी निम्मं-निम्मं, ब्रशने घासून. पुढचे दोन हात बिनपाण्याचे. फायबर ग्लासची जाळी कोटिंगसाठी मिळते ती पातळ घ्या, 45 ते 60 जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाची). प्लास्टरची जाड जाळी घेतली तर तिचे चौकोन वर दिसत राहतात आणि पायाखाली तिथेच थर झिजतो. 1 मीटर रुंद रोलचे उभे तीन भाग केले आणि त्या पट्ट्या वाट्यावर अशा बसवल्या की निम्मी गच्चीवर, निम्मी कठड्यावर. आधी कोटिंग, त्यात ओलं असतानाच जाळी, हाताने दाबून वरून पुन्हा ब्रश. कोरड्या जाळीवर वरून लावलं तर खाली हवा राहते. जोड 4 इंच एकमेकांवर. दोन हातांमध्ये एक रात्र. दुसरा हात पहिल्याला आडवा. शेवटच्या हातानंतर 3 दिवस पाऊस नको, म्हणून मेच्या मध्यापर्यंत काम रेंगाळू देऊ नका, वळवाचा पाऊस सांगून येत नाही.

पाइपच्या तोंडाशी नेमकं काय चुकलं तेही लिहितो. कोटिंग पाइपच्या कडेपर्यंत आणून थांबवलं होतं. गच्चीचं सगळं पाणी त्या उघड्या कडेवरून जोरात जातं. ऑगस्टमध्ये तिथली कड उचलली गेली आणि बोटभर लांब पापुद्रा सुटला. पाणी घरात आलं नाही, कारण खाली एसबीआरचा पॅच होता. जाळीसकट कोटिंग पाइपच्या आत 2 इंच वळवायला हवं होतं. पाइप पीव्हीसीचा असेल तर आतून सँडपेपरने घासून घ्या, नाहीतर गुळगुळीत पीव्हीसीवर ते टिकत नाही.

कुंड्यांखालचा प्रकार जास्त शिकवणारा आहे. मोगऱ्याच्या चार कुंड्या पावसाळाभर थेट कोटिंगवर होत्या. ऑक्टोबरमध्ये उचलल्या तेव्हा प्रत्येकीखाली गोल पिवळट डाग होता. नख दाबलं की खूण राहत होती, आणि कडेने ओढलं तर दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा हातात येत होता. तिथून हातभर अंतरावरचं कोटिंग मात्र रबरासारखं चिवट. फरक एवढाच की कुंडीखालची जागा चार महिने सुकलीच नाही. आता कुंड्या विटांवर आहेत, खालून वारा खेळतो.

बाकी वापराबद्दल. दुपारी अनवाणी उभं राहता येतं, पूर्वी आयपीएसवर येत नव्हतं. खोलीत रात्रीचा पंखा आता गरम हवा फेकत नाही. पांढरेपणा पहिल्या पावसात गेला, वाऱ्याच्या बाजूला काळी बुरशी धरते. नायलॉनचा ब्रश आणि साबणाचं पाणी पुरतं, तारेचा ब्रश अजिबात नको. ओल्यात ते घसरडं आहे. टाकीकडे जायच्या वाटेवर शेवटचा हात ओला असताना बारीक चाळलेली वाळू भुरभुरवली, ते काम सगळ्यांनी करावं. वाळवणं घालायला हरकत नाही, पण खाट किंवा लोखंडी खुर्ची ओढू नका, पायाला जुन्या ट्यूबचे तुकडे बांधा. डिशचा स्टँड गच्चीला बोल्टने ठोकू देऊ नका, कठड्याला बाहेरून बसवायला सांगा.

छताला आतून पुट्टी लगेच लावू नका. स्लॅबमधली जुनी ओल खालच्या बाजूने निघत राहते. इथे एप्रिल-मेचं ऊन मिळूनही जुने डाग पूर्ण वाळलेले दिसायला पावसाळा उलटून दिवाळी आली, पुट्टी आणि रंग त्यानंतर.

उरलेलं 2 लिटर कोटिंग मोठ्या बादलीत ठेवलं तर वर साय धरून वाया जातं. छोट्या डब्यात काठोकाठ भरून, झाकणाखाली प्लॅस्टिक लावून सावलीत ठेवलं, ते अजून वापरण्यासारखं आहे. पाइपच्या तोंडाचं आणि चार गोल डागांचं काम त्यातूनच होईल: सुटलेला भाग पक्क्या कडेपर्यंत खरवडायचा, आठवडाभर उन्हात वाळू द्यायचा, मग प्राइमर, जाळी आणि दोन हात.