थर्माकोल की निळी शीट? मिशीत अडकलेल्या दाण्यावरून ठरलं

गेल्या महिन्याभरात दोघांनी हाच प्रश्न विचारला म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो. मिनी, म्हणजे छंद म्हणून रंगवायचे चिमुकले पुतळे, रंगवून झाल्या, आता त्यांना उभं करायला दोन बाय दोन फुटांचा डिस्प्ले बोर्ड करायचाय, तर खालचं सगळं थर्माकोलमध्ये कोरायचं की ती निळी नाहीतर गुलाबी एक्सपीएस शीट (टणक फोमची) मागवायची? मी दोन्हींत एकेक बोर्ड केलाय. दोनच, त्यामुळं मी काय तज्ज्ञ वगैरे नाही, ज्यांनी दहा केलेत ते मला वेड्यात काढतील कदाचित. ड्रायब्रश (जवळपास कोरड्या ब्रशनं फक्त उठावावर रंग), वॉश (फटीत उतरणारा पातळ रंग), बेसिंग (मिनीच्या पायाखालची जमीन) हे तुम्हाला येतंच असं धरून चालतो.

विषय दोन्ही वेळेला एकच, आपला भुईकोट. एक बुरुज, थोडी तटबंदी, पुढं खंदक आणि खंदकाच्या अलीकडं ज्वारीचं रान. मिनी २८ मिमीच्या, थ्रीडी प्रिंटवाल्या, एका बाजूला निजामशाही आणि दुसऱ्या बाजूला आदिलशाही. आता सोलापुरात राहून हा प्रसंग नाही करायचा तर कुठला करायचा? १५२४ ला विजापूरची राजकन्या निजामशहाला दिली तेव्हा सोलापूर हुंड्यात द्यायचं ठरलं, ते काही दिलं नाही, त्यावरून दोन्ही घराणी वर्षानुवर्षं भांडली, आणि शेवटी चांदबिबीच्या लग्नात निजामशाहीनंच हा किल्ला हुंडा म्हणून विजापूरला दिला. म्हणजे आपला किल्ला हुंड्याच्या यादीत दोनदा लागलाय. असो, विषय भरकटला.

पहिला बोर्ड अर्थातच थर्माकोलचा. लहानपणापासून गणपतीचं मखर त्याच्यातच केलेलं, हात बसलेला, तारेचा कटर घरात पडून होता. २०१८ ला राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली तेव्हापासून मखरासाठी घ्यायचो तसे मोठे ठोकळे घेणं सुटलं, पण फ्रीज-वॉशिंग मशीनच्या पॅकिंगचे तुकडे दुकानदार फुकट देतात, उलट म्हणतात घेऊन जा बाबा जागा मोकळी होईल. डोंगर, उतार, खंदकाचा काठ असलं ढोबळ काम त्यात झकास होतं. तार गरम करायची आणि लोण्यातून सुरी फिरवल्यागत फिरवायची, दहा मिनिटांत टेकडी तयार. वजन काहीच नाही. चुकलं तर फेकून द्या, पैसे कुठं गेलेत. इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही आणि ज्यांना नुसती टेकडीच करायचीय त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

भानगड सुरू होते ब्लेड लावल्यावर. थर्माकोल म्हणजे फुगवलेले दाणे एकमेकांना चिकटवलेले, त्यामुळं कटर ब्लेड कितीही नवी असली तरी ती दाणा कापत नाही, उपटते. बुरुजाच्या दगडांच्या सांध्या कोरायला बसलो, २८ मिमीच्या माणसापुढं दगड आठ-दहा मिमीचा दाखवावा लागतो आणि थर्माकोलचा एक दाणाच चार-पाच मिमीचा. म्हणजे दोन दाण्यांचा एक दगड. कोपरा काढायला जावं तर कोपराच निघून येतो. तरी मी म्हटलं ठीकाय, वरून पुट्टी लावू, निभावून नेऊ.

पण ते दाणे. माझी खोली गच्चीवरची, वर पत्रा, महिना मे, एकच टेबल, त्याच्या डाव्या अंगाला बोर्ड आणि उजव्या अंगाला रंगवलेल्या मिनी वाळत ठेवलेल्या. पंखा बंद ठेवावा तर माणूस भाजून निघतो, चालू करावा तर दाणे खोलीभर. त्यात माझा एक तोडेवाला होता, जळत्या वातीनं उडवायची तोड्याची बंदूक खांद्यावर, भरघोस मिशी, तीन संध्याकाळी त्या एका चेहऱ्यावर गेलेल्या, मिशीला काळ्यावर करड्या रंगाचे तीन-चार केस ओढलेले भिंगाखाली. त्याला ग्लॉस वार्निश मारून ठेवलं, मॅट नंतर मारणार होतो. जेवून आलो तर मिशीच्या उजव्या टोकावर एक पांढरा दाणा बसलेला. नाकातून शेंबूड आल्यागत. चिमट्यानं काढायला गेलो तर तोवर वार्निश धरलेलं, दाणा आला आणि त्याच्याबरोबर वार्निश, करडे केस, काळा रंग, खालचा प्रायमर, सगळं सालपटासारखं आलं. खाली प्रिंटचा राखाडी रेझिन दिसायला लागला.

मी पाच मिनिटं काही बोललोच नाही.

बरं हे एकदाच झालं असतं तर माझा निष्काळजीपणा म्हणून सोडून दिलं असतं. पण नंतर मुद्दाम बघायला लागलो तर पॅलेटवर दाणे, ब्रशच्या केसांत दाणे, हाताच्या लवेला चिकटलेले, झटकले की दुसऱ्या हाताला. आई झाडायला आली तर म्हणाली, "अरे हे केरसुणीनं येतच नाहीत की, पुढं पुढं पळतात." आठवड्यानं शेंगाचटणीच्या डब्यात एक सापडला तेव्हा मला खोलीत थर्माकोल आणायची बंदी झाली, सरकारची वेगळी आणि ही वेगळी.

माझा अंदाज असा की आपल्याकडं हे जास्त होतं. घासलं की दाण्यावर स्थिर वीज बसते, आणि हवेत ओलावा असला की ती उतरून जाते. आपला एप्रिल-मे म्हणजे कोरडा ठणठणीत, ओठ फुटतात तिथं वीज कुठं उतरणार. मी काही मोजलेलं नाही, पण जुलैत चिपळूणला मेव्हण्याकडं गेलो होतो तिथं भाच्याच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी तसलंच पॅकिंगचं थर्माकोल कापलं, दाणे पडले ते टेबलावर गप पडून राहिले, फडक्यानं पुसून घेतले, विषय संपला. त्यामुळं मुंबई-कोकणातला कोणी म्हणाला की काय एवढं दाण्याचं कौतुक, तर तो त्याच्या जागी बरोबर असेल. कापायच्या आधी स्प्रे बाटलीनं पाण्याचा हलका फवारा मारला की थोडा फरक पडतो, कूलर समोर ठेवला तरी पडतो, पण कूलरचा वारा परत दाणे उडवतोच.

आता दुसरी बाजू. एक्सपीएस म्हणजे मुळात तेच पॉलिस्टायरीन, फक्त दाणे फुगवून चिकटवण्याऐवजी वितळवून सलग शीट काढलेली. दाणाच नाही तर उडणार काय. घासलं की बारीक भुकटी पडते, ती मात्र पडते, मास्क लावा आणि ओल्या फडक्यानं पुसा.

पण खरी मजा कोरण्यात आहे. साध्या बॉलपेननं दाबून रेघ मारली की रेघ तशीच राहते, काठ फुटत नाहीत. मी पट्टीनं आडव्या ओळी मारल्या, मग उभ्या सांध्या हातानं, मुद्दाम थोड्या वाकड्या, मग अधूनमधून एखादा दगड बोटानं आत दाबला. त्यानंतर ॲल्युमिनियम फॉईलचा चुरगाळून गोळा केला आणि भिंतीवर दाबत फिरवला, प्रत्येक दगडाला टाकीचे घाव मारल्यासारखा खडबडीतपणा आला. कोपऱ्यावरचे दोन दगड ब्लेडनं किंचित उडवले. एवढंच. बुरुजाच्या गोलाईसाठी तारेनं शीटचा पातळ काप काढायचा, मागून उभ्या चिरा द्यायच्या आणि स्टीलच्या डब्याभोवती गुंडाळून रबर बँड लावून ठेवायचा. २५ मिमीची शीट आडवी टाकली की जवळपास एका माणसाची उंची होते, त्यामुळं तट किती उंच हे शीट मोजूनच ठरवता येतं, हा एक फायदा मला आधी लक्षातच आला नव्हता.

एक्सपीएसला दोष नाहीत असं नाही हां. पहिला म्हणजे मिळवणं. आपल्याकडं स्टेशनरीत विचारलं तर थर्माकोलच दाखवतात आणि वर म्हणतात हेच ते. ही शीट मुळात छताच्या आणि कोल्ड स्टोरेजच्या इन्सुलेशनची, त्यामुळं त्या लायनीतल्या माणसाकडं विचारायचं, उरलेले तुकडे मिळाले तर नशीब. मी ऑनलाईन मागवली, किमतीइतकंच भाडं बसलं आणि एक कोपरा दबून आला. थर्माकोल फुकट आणि हे विकत, त्यामुळं पैशाच्या बाबतीत तुलनाच नाही, ते मान्य.

दुसरा दोष गमचा, आणि याची आधी कोणी कल्पना दिली नव्हती. दोन शीट एकावर एक पांढऱ्या गमनं चिकटवल्या, वर वरवंटा ठेवला, चार दिवसांनी बघतो तर मधोमध गम ओलाच. कारण शीटमधून हवाच जात नाही, मग आतलं पाणी वाळून जाणार कुठं. आता मी गम फक्त पातळ रेघांत लावतो, मध्ये टूथपिक खुपसतो आणि काठाला फोमला चालणारा गम वापरतो. सुपरग्लू चुकूनही नको, तो दोन्हीला खातो. तिसरं, शीटच्या वरची गुळगुळीत साल पॉलिश पेपरनं घासून काढायची, नाहीतर रंग धरत नाही. आणि एका बाजूनं पाणीदार पुट्टी किंवा रंग जाड लावला की मोठी शीट वाळताना वाकते, म्हणून आधी प्लायवर चिकटवून घ्या. माझी वाकली होती. प्लायला स्क्रू मारून सरळ केली, खालून दिसतंय ते.

दोन्हींना सारखं लागू असलेलं पटकन सांगतो. स्प्रे कॅनचा प्रायमर थेट मारू नका, त्यातलं सॉल्व्हंट दोन्ही वितळवतं, थर्माकोलला भोकं पडतात आणि एक्सपीएसवर कोरलेली नक्षी वितळून जाते. आधी काळा अॅक्रिलिक आणि फेविकॉल मिसळून ब्रशनं एक जाड हात द्यायचा, सगळ्या फटीत. तारेच्या कटरचा धूर दोन्हीचा वाईट, दार-खिडकी उघडी पाहिजेच, थंडी असो की ऊन. मिनींना मात्र स्प्रे चालतो, फक्त आपल्या उन्हाळ्यात सकाळी सात-साडेसातच्या आत मारा, दुपारी मारला तर रंग वाटेतच सुकतो आणि अंगावर रवा सांडल्यासारखा बसतो. पॅलेटवर रंग टिकत नसेल तर टिफिनच्या डब्यात ओला स्पंज आणि वर बटर पेपर, झालं काम.

रंगाबद्दल एकच. यूट्यूबवरचे सगळे दगड युरोपचे, थंड करडे. आपला दगड काळा, आणि उन्हापावसानं त्यावर तांबूस-तपकिरी झाक आलेली. मी काळ्यावर गडद तपकिरी, मग गरम करडा अगदी हलका ड्रायब्रश, शेवटी सांध्यांमध्ये पातळ मातकट वॉश. जमिनीला खरी काळी माती चाळून, तव्यावर भाजून घेतलेली, नाहीतर किडे निघतात. ज्वारीची ताटं पायपुसण्याच्या काथ्याची, माणसापेक्षा उंच कापायची हे विसरू नका, माझी पहिल्यांदा गव्हासारखी झाली होती. आणि बांधावरचं गवत टर्किश टॉवेलच्या चिंधीचं, फेविकॉलच्या पाण्यात बुडवून, वाळवून, कंगव्यानं उभं केलेलं. टॉवेल आपल्या गावात कमी आहेत का. ते हिरवं रंगवू नका, वाळलेलं गवत आहे ते.

तर घ्यायचं काय. पहिलाच बोर्ड असेल, टेकड्या आणि रानच दाखवायचं असेल, तारेनंच सगळं कापणार असाल आणि रंगवायचं टेबल वेगळ्या खोलीत असेल, तर थर्माकोल घ्या, पैसे मिनींवर घाला, मी नाव ठेवणार नाही. दगडी काम असेल तर मला तरी एक्सपीएसशिवाय आता जमेल असं वाटत नाही. आणि बोर्ड आणि मिनी एकाच टेबलावर होणार असतील, जे आपल्यापैकी बहुतेकांचं असतं, तर मग माझ्या मते प्रश्नच उरत नाही. काहीजण आतला गाभा थर्माकोलचा आणि वरचं दिसणारं एक्सपीएसचं करतात, हिशोबाला ते बरोबर आहे, फक्त गाभा दुसऱ्या कुणाच्या तरी गच्चीवर कापून आणा.

तोडेवाल्याची मिशी मी परत रंगवली पण उजवी बाजू पहिल्यासारखी झाली नाही, खड्डा राहिला. म्हणून नव्या बोर्डवर त्याला बुरुजावर डावीकडं तोंड करून उभा केलाय.

माझ्याकडं अर्धी शीट पलंगाखाली पडलीय, गच्चीवर ठेवली होती तर उन्हानं वरचा थर पिवळा पडून भुकटी सुटायला लागली म्हणून आत आणली. गावातल्या कुणाला आधी बॉलपेननं रेघ मारून बघायची असेल तर ये म्हणा, वीतभर तुकडा कापून देतो.