गोडॉक्स टीटी६०० आणि पांढरी छत्री: कमी पैशात ऑफ-कॅमेरा फ्लॅश, बडोद्याच्या जुन्या घरातला अनुभव

ताईची पहिली मंगळागौर आमच्या दांडिया बाजारातल्या घरी झाली आणि फोटो काढायचं माझ्यावर आलं. जवळ काय, तर सेकंडहँड निकॉन डी५३००, त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स आणि कॅमेऱ्यावरचा पॉपअप फ्लॅश. फोटो बघून खरंच वाईट वाटलं, सगळ्यांची कपाळं चमकतायत, भिंतीवर काळ्याकुट्ट सावल्या, आणि आजीच्या नऊवारीचा काठ इतका सपाट आला की जर आहे हेच कळत नाही. त्यानंतर पैसे साठवून साठवून गोडॉक्सचा टीटी६०० घेतला, म्हणजे कॅमेऱ्यापासून लांब ठेवून वापरता येणारा फ्लॅश. आता वर्ष होऊन गेलंय, तेव्हा नीट लिहू शकते.

आधी एका दुकानात गेले होते तर तिथे मला तिप्पट किमतीचा टीटीएल फ्लॅश (आधी बारीक चमक सोडून, उजेड मोजून पॉवर आपोआप ठरवणारा) दाखवून हाच घ्या, मॅन्युअल, म्हणजे पॉवर हाताने ठरवायचा, तुम्हाला जमणार नाही असं सांगितलं. ऐकलं नाही ते बरंच झालं. फ्लॅश एकदा स्टँडवर ठेवला, माणूस पाटावर बसला, की दोघांमधलं अंतर बदलत नाही, मग पॉवर एकदा सेट केली की पन्नास फोटो सारखेच येतात. टीटीएल मात्र समोर पांढरं पातळ आलं की उजेड कमी करणार, काळी चंद्रकळा आली की वाढवणार. लग्नात धावपळ करत शूट करायचं असेल तर टीटीएल हवाच, पण शिकायला आणि घरच्या पोर्ट्रेटला मॅन्युअल पुरतो.

टीटी६०० मध्ये पॉवर १/१ (पूर्ण) पासून १/१२८ पर्यंत, रेडिओ रिसीव्हर आतच आहे, आणि चार डबल ए सेलवर चालतो. गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा) ६० लिहिलाय तो २०० एमएम झूमवरचा, वाइडवर आणि त्यात छत्री लावल्यावर तेवढी ताकद मिळत नाही हे धरून चाला. सोनीवाल्यांनी टीटी६००एस घ्यावा, त्यांचा हॉटशू, म्हणजे कॅमेऱ्यावर फ्लॅश बसवायची खाच, वेगळी असते. आणि कॅननवाल्यांनो, पैसे द्यायच्या आधी कॅमेऱ्याचा हॉटशू बघा, २००डी मार्क टू, ३०००डी अशा काही बॉडींना मधली मोठी पिनच नाहीये, साधा एका पिनचा ट्रिगर (कॅमेऱ्यावर बसून लांबचा फ्लॅश रेडिओने उडवणारा) त्यांच्यावर चालत नाही. योंगन्युओ कंपनीचा ५६० फोर फ्लॅश पण बघितला होता, तोही चांगला, त्यात ट्रान्समीटरही आतच आहे. मी गोडॉक्स घेतला कारण पुढेमागे टीटीएलवाला घेतलाच तर हाच ट्रिगर चालेल.

माझा ट्रिगर म्हणजे गोडॉक्सचा एक्स२टी, तो मी तीन महिन्यांनी घेतला. तोपर्यंत फुकटात काम चालवलं. टीटी६०० एस१ मोडवर टाकायचा, कॅमेऱ्याचा पॉपअप मॅन्युअलवर आणून सगळ्यात कमी पॉवरवर ठेवायचा, त्याचा उजेड दिसला की हा उडतो. पॉपअप टीटीएलवरच राहिला तर एस२ लावा, नाहीतर आधीच्या बारीक चमकेलाच हा उडून मोकळा होतो. खोलीत मस्त चालतं, कडक उन्हात किंवा मधे खांब आला की बोंब.

आता खरी गोष्ट. सगळीकडे सांगतात फ्लॅश छताकडे वळवा, मऊ उजेड मिळेल. ते छत पांढरं असेल तर! आमच्या घरात सागवानी तुळया आणि खाली पोपटी ऑइलपेंट, तिथे बाउन्स केला की वरून तपकिरी आणि बाजूने हिरवा उजेड येतो, आत्याचा चेहरा कावीळ झाल्यासारखा दिसत होता. म्हणून जुन्या घरात राहणाऱ्यांनी आरपार उजेड सोडणारी पांढरी छत्री घ्याच, या सगळ्या सामानात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारी वस्तू तीच. माणसाच्या जितकी जवळ तितका उजेड मऊ, मी चेहऱ्यापासून हातभर लांब, थोडी वर आणि बाजूला ठेवते. आणि छत्री एक मीटरवरून दोन मीटरवर नेली तर उजेड निम्मा होत नाही, पाव होतो, म्हणजे दोन स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). हे कळलं आणि बरंच काही सुटलं. शटरने मागचा उजेड ठरवायचा, अ‍ॅपर्चरने फ्लॅशचा, फक्त डी५३०० वर शटर १/२०० च्या वर नेलंत की फोटोत काळा पट्टा येतो. या बॉडीला हाय स्पीड सिंक (त्याहून वेगवान शटरवर फ्लॅश चालवायची सोय) नाही, त्यामुळे दुपारी कमाटीबागेत अ‍ॅपर्चर एफ/११ पर्यंत बारीक करावं लागतं आणि फ्लॅशचा दम निघतो. संध्याकाळी सूरसागर तलावाच्या काठावर, आभाळ निळं असताना आणि मागे महादेवाची मूर्ती उजळलेली, तिथे हाच फ्लॅश १/१६ वर सुद्धा पुरतो.

फ्लॅश आणि छत्री स्टँडला जोडणाऱ्या ब्रॅकेटवर पैसे वाचवू नका. मी प्लास्टिकचा स्वस्त घेतला होता, दुसऱ्याच दिवशी त्याचा दात तुटला आणि फ्लॅश माझ्या हातात आला म्हणून वाचला. आता गोडॉक्सचा एस२ नावाचा ब्रॅकेट आहे, तो फ्लॅशला खालच्या पायाला न धरता सरळ डोक्याला धरतो. स्टँड साधाच चालेल पण गच्चीवर पाच किलो तांदळाची पिशवी लटकवा, छत्रीत वारा भरला की स्टँड आडवा. सेल रिचार्जेबलच घ्या, एनेलूपसारखे, साध्या अल्कलाइनवर फ्लॅश पुन्हा भरायला फार वेळ लावतो आणि तेवढ्यात ओव्या संपतात.

सगळं मिळून मला बारा हजाराच्या थोडं वर पडलं, ट्रिगर सेकंडहँड धरून.

गणपतीत अजून एक जमलं. समईचा आणि पिवळ्या बल्बचा उजेड असला की फ्लॅशचा पांढरा उजेड निळसर, परका वाटतो. उत्तरायणाचा उरलेला नारिंगी पतंग होता, त्याचा कागद कापून फ्लॅशच्या तोंडावर लावला, व्हाइट बॅलन्स बल्बवर ठेवला. फुल पॉवरवर हे करू नका, कागद तापतो, मी १/१६ च्या वर जात नाही. रंग अगदी बरोबर येत नाही, थोडा लालसर जातो, तो नंतर सुधारते. पण आरतीच्या वेळी आजी निरांजन ओवाळतेय तो फोटो असा आलाय की सगळा उजेड निरांजनातूनच आल्यासारखा वाटतो, आणि या वेळी नऊवारीच्या काठाची जर दिसतेय.