टोकियोचं सुमो स्टेडियम: कुस्तीचा नाद असेल तर बघाच

टोकियोच्या कोकुगिकानला सुमोची स्पर्धा बघितली आणि मातीतल्या कुस्तीचा नाद असणाऱ्या सगळ्यांना मनापासून सांगतो, एकदा तरी जा, पैसे वसूल आहेत. ऱ्योगोकु स्टेशनला लागूनच आहे, साधारण 11,000 लोक बसतात. फक्त तिथे स्पर्धा वर्षात तीनदाच, जानेवारी, मे आणि सप्टेंबर, एकेक 15 दिवसांची. बाकीच्या तीन ओसाका, नागोया, फुकुओकाला असतात, त्यामुळे विमानाचं बुकिंग करायच्या आधी तारखा बघा.

आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं सुमो म्हणजे दोन जाड माणसांची ढकलाढकली, पण तसं अजिबात नाही हो. आपल्या कुस्तीत पैलवान खाली गेला म्हणून कुस्ती संपत नाही, उलट खरी रंगत तिथून पुढे, खालचा पालथा पडून माती धरतो, वरचा घिस्सा मारतो, एकचाक लावतो, असे डाव पाठ लागेपर्यंत चालूच. सुमोत तळपाय सोडून काहीही मातीला लागलं, नुसता हात टेकला तरी हार, नाहीतर 4.55 मीटरच्या रिंगणाबाहेर पाय पडला की हार. म्हणजे पडायचंच नाही, सगळी विद्या तिथे. आपला पैलवान पट काढायला, म्हणजे समोरच्याचे पाय धरायला, बिनधास्त खाली झुकतो, इथे जास्त झुकला की समोरचा मानेवर थाप मारून सरळ तोंडावर पाडतो. मॅटवरच्या कुस्तीत कपडा धरायला बंदी, इथे कमरेची मावाशी, म्हणजे सुमो पैलवानाचा जाड लंगोट, पक्की हातात आली की अर्धं काम झालं. आणि वजनगट नाहीतच! दीडपट वजनाच्या गड्याला छोटा पैलवान आत शिरून, मावाशी धरून फेकतो तेव्हा काटा येतो अंगावर.

लढत बऱ्याचदा काही सेकंदांत संपते, पण त्याआधी मीठ फेकणं, बसून नजरेला नजर देणं, उठून परत जाणं, परत मीठ, वरच्या गटात चार मिनिटांपर्यंत हे चालतं. काहींना कंटाळा येईल, मला तर तेच सगळ्यात भारी वाटलं, कारण दर वेळी परत येताना चेहरा आणखी कडक झालेला दिसतो आणि पब्लिकचा आवाज चढत जातो. जिंकल्यावर आपल्याकडे खांद्यावर घेतात, हलगी घुमते, फेटा बांधतात. इथे जिंकणारा साधं हसतसुद्धा नाही, उकिडवा बसून बक्षिसाची पाकिटं घेतो आणि जातो. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहे, पण हरलेल्यासमोर न नाचण्याची ही शिस्त आपल्या मैदानांत थोडी आली तर मला आवडेल.

सकाळपासून पोरांच्या लढती असतात, पण दिवसभर बसायचं नसेल तर दुपारी दोनपर्यंत आत गेलात तरी चालेल, मोठे पैलवान चार ते सहा. तिथली याकितोरी म्हणजे काडीवरचं भाजलेलं चिकन फेमस आहे, गार खातात, चव मस्त. खालच्या चौकोनात बूट काढून चौघांनी मांडी घालून बसायचं असतं, घरातल्या मोठ्यांना घेऊन जाणार असाल तर वरच्या मजल्याच्या खुर्च्याच घ्या, स्वस्तही पडतात आणि तिथूनही रिंगण पूर्ण दिसतं.