वर्ल्ड कोणाच्या घरी ठेवायचं?

आमच्या ग्रुपवर रात्री साडेनऊला पहिला मेसेज ठरलेला असतो: ‘लाईट शे का तठे?’ ती असली की मग पुढचं बोलणं. चौघं आहोत. मी जळगावात. एक धुळ्याला, दुकान बंद करून नऊनंतर मोकळा होणारा. एक भुसावळला रेल्वेत, त्याची ड्युटी कधी दिवसाची, कधी रात्रीची. आणि चौथा रावेरकडचा केळीवाला. त्याच्या मळ्यातल्या घरी फायबर अजून पोचलेलं नाही, तो मोबाइलच्या हॉटस्पॉटवर खेळतो.

मित्रांनी मिळून सर्व्हायव्हल गेम खेळायचं ठरलं की आठवडाभर वाद होतो तो ‘कोणता गेम घ्यायचा’ यावर. आम्हीही घातला. आता कोणी विचारलं तर मी आधी वेगळाच प्रश्न विचारतो: तुम्ही झाडं तोडून, घरं बांधून जे वर्ल्ड उभं करणार, ते राहणार कोणाच्या मशीनवर? एकाच्या कॉम्प्युटरवर, घरातल्या जुन्या लॅपटॉपवर, की भाड्याच्या सर्व्हरवर? हे ठरलं की गेमचा अर्धा निर्णय आपोआप होतो. आम्ही मुख्यतः वॅल्हाइम खेळतो, म्हणून उदाहरणं त्यातली जास्त येतील.

एकाने होस्ट करायचं

सगळ्यात सोपा आणि फुकटचा मार्ग. एक जण आपलं वर्ल्ड उघडतो, ‘स्टार्ट सर्व्हर’वर खूण करतो, पासवर्ड देतो (वॅल्हाइममध्ये किमान पाच अक्षरी), आणि बाकीचे स्टीमच्या (जिथून गेम विकत घेतो ते ॲप) मित्रयादीतून आत येतात. राउटरला हात लावावा लागत नाही, जोडणी स्टीमच सांभाळतं. वॅल्हाइममध्ये असे दहा जण मावतात. टेरारियात ‘होस्ट अँड प्ले’ म्हणून हेच आहे, आणि तो गेम २०११ सालचा, द्विमितीय, त्यामुळे घरातल्या कुठल्याही डबड्यावर चालतो.

अडचण दोन ठिकाणी येते. पहिली म्हणजे होस्ट आला नाही तर वर्ल्डला कुलूप. धुळेवाल्याच्या बहिणीचं लग्न होतं तेव्हा आम्ही तिघं बारा दिवस नुसते ग्रुपवर मीम टाकत बसलो होतो. भुसावळवाल्याला तर दुपारी दोनला वेळ असायचा, तेव्हा धुळेवाला गल्ल्यावर.

दुसरी अडचण लाईटची, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. वॅल्हाइममध्ये तुमचं कॅरेक्टर तुमच्या कॉम्प्युटरवर सेव्ह होतं, वर्ल्ड होस्टच्या. दोघांच्या सेव्हची वेळ वेगळी. एका रात्री मी दलदलीतून आणलेलं तीस लोखंड पेटीत ठेवलं आणि दहा मिनिटांत धुळ्याची लाईट गेली. आम्ही सगळे बाहेर फेकले गेलो. बाहेर पडताना माझं कॅरेक्टर माझ्याकडे सेव्ह झालं, लोखंड पेटीत ठेवलेल्या अवस्थेत, म्हणजे खिसा रिकामा. वर्ल्ड मात्र धुळ्याच्या मशीनवर शेवटच्या ऑटोसेव्हपर्यंत मागे गेलं, म्हणजे मी पेटी उघडायच्याही आधी. लाईट आल्यावर पाहिलं तर खिशात लोखंड नाही, पेटीतही नाही. याच गोंधळात उलटंही होतं. सेव्हनंतर पेटीतून काही काढलं असेल तर ते दोन्हीकडे सापडतं. त्याबद्दल मात्र आमच्यात कोणी कधी तक्रार केलेली नाही.

तरीही तुम्ही दोघं-तिघंच असाल, ठरलेल्या वेळी एकत्रच बसत असाल आणि होस्टच्या घरी इन्व्हर्टर असेल, तर पुढचं वाचायची फारशी गरज नाही. हाच मार्ग धरा. फक्त होस्ट असा निवडा जो रुसून ग्रुप सोडणार नाही. वर्ल्डचे कागद त्याच्या नावावर असतात.

जुना लॅपटॉप कोपऱ्यात

आम्ही शेवटी इथे आलो. वॅल्हाइमचा डेडिकेटेड सर्व्हर, म्हणजे स्वतः न खेळता फक्त वर्ल्ड चालू ठेवणारा प्रोग्राम, स्टीमच्या लायब्ररीत ‘टूल्स’मध्ये फुकट मिळतो. एक बॅच फाइल असते, तिच्यात सर्व्हरचं नाव, वर्ल्डचं नाव आणि पासवर्ड लिहायचा, चालू करायची, काळी खिडकी उघडी ठेवायची. ग्राफिक्स कार्ड लागत नाही. माझा कॉलेजच्या काळातला आठ जीबी रॅमचा लॅपटॉप, ज्याचा स्क्रीन अर्धा पिवळा पडलाय, तो चौघांना आरामात पुरतो. ऑटोसेव्हचा कालावधीही त्याच फाइलमध्ये सेकंदांत देता येतो. आम्ही ६०० ठेवलाय, म्हणजे लोखंड गेलंच तर दहा मिनिटांचं. खिडकी बंद करताना मात्र फुलीवर टिचकी मारू नका. कंट्रोल-सी दाबा, म्हणजे सर्व्हर सेव्ह करून मगच थांबतो.

डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉप का? बॅटरी. आपल्याकडे लाईट जाते ती बरेचदा दहा-वीस मिनिटांसाठी, आणि म्हाताऱ्या बॅटरीतही तेवढा जीव असतो. पण नुसता लॅपटॉप जिवंत राहून उपयोग नाही. राउटर आणि फायबरची छोटी पेटी, दोन्हींना बारा व्होल्टचा मिनी यूपीएस हवा. एवढं करूनही गल्लीच्या खांबावरच्या पेटीला बॅकअप नसेल तर नेट जाणारच. ते तुमच्या हातात नाही, पण आधी एकदा तपासता येतं: लाईट गेल्यावर राउटर बॅटरीवर ठेवा आणि नेट चालतंय का बघा.

मे महिन्याचं वेगळं सांगायला हवं. जळगावचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा चोवीस तास चालणारा लॅपटॉप लोखंडी कपाटावर ठेवून चालत नाही. मी तो दोन विटांवर ठेवतो, खालून हवा खेळते. कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, ओल धरते. झाकण मिटलं तरी झोपायचं नाही हे विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये सांगून ठेवा. अपडेटसाठी स्वतःहून रीस्टार्ट होण्याची वेळही तुम्ही खेळत नसाल अशी ठरवून द्या.

आता खरी मेख. घरातल्या सर्व्हरवर बाहेरून कोणी यायचं तर राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायचं आकडी दार) उघडावा लागतो: वॅल्हाइमला २४५६ पासूनचे, माइनक्राफ्ट जावाला २५५६५, टेरारियाला ७७७७. व्हिडिओत हे पाच मिनिटांचं काम दिसतं. मी दोन रात्री घालवल्या. सगळं बरोबर, तरी भुसावळवाला आत येईना. शेवटी राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा आयपी पत्ता पाहिला, तर तो १०० ने सुरू होत होता. १००.६४ ते १००.१२७ यांच्यामधला आकडा दिसला तर समजायचं की तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. कंपनीने एकच सार्वजनिक आयपी अनेक घरांना वाटून दिलाय. हे म्हणजे वाड्याच्या आतल्या खोलीचं दार उघडं ठेवायचं आणि वाड्याच्या मोठ्या दरवाजाची किल्ली दुसऱ्याकडे. पोर्ट कितीही उघडा, बाहेरून कोणी येऊ शकत नाही. मोबाइल नेटवर तर हे जवळजवळ गृहीतच धरा.

यावर उपाय तीन. नेटवाल्याकडून स्टॅटिक, म्हणजे फक्त तुमचा न बदलणारा आयपी घ्या, त्याचे पैसे वेगळे पडतात. किंवा टेलस्केल, झीरोटियर यांसारखं काहीतरी टाका, ज्याने सगळ्यांचे कॉम्प्युटर एकाच घरातल्या नेटवर्कवर असल्यासारखे होतात. फुकट आहे, चालतं, पण प्रत्येकाकडे टाकावं लागतं, आणि ‘माझ्याकडे लाल का दाखवतंय’ असे फोन तुम्हालाच येतात. तिसरा उपाय वॅल्हाइमपुरता, आणि आम्ही तोच वापरतो: सर्व्हर चालू करताना ‘क्रॉसप्ले’ हा पर्याय जोडा. मग जोडणी मधल्या रिले सर्व्हरमधून जाते, पोर्ट उघडायची भानगडच उरत नाही. सर्व्हर सहा आकडी कोड देतो, तो टाकून मित्र आत येतात. हा कोड सर्व्हर रीस्टार्ट झाला की बदलतो, म्हणून आमच्या ग्रुपवर सकाळी ‘गुड मॉर्निंग’च्या फुलांबरोबर नवा कोडही येतो.

भाड्याचा सर्व्हर

पैसे टाका, तासाभरात सर्व्हर तयार, लाईटची चिंता नाही, बॅकअप तयार. ठिकाण निवडायला मिळालं तर मुंबई निवडा, सिंगापूर किंवा युरोप नको. सहा-आठ जण असाल आणि सगळ्यांच्या वेळा वेगळ्या असतील तर हाच उत्तम. पालवर्ल्डसारखा गेम असेल तर पर्यायच नाही असं म्हणा. त्यात साध्या होस्टिंगवर चौघंच मावतात, डेडिकेटेड सर्व्हरवर ३२, पण त्या सर्व्हरला १६ जीबी रॅम लागते आणि ती जुन्या लॅपटॉपात कुठून येणार?

माझी हरकत वेगळी आहे. मित्रांचा उत्साह पहिले दोन महिने असतो. मग परीक्षा येते, केळीची कापणी येते, दुकानाचा दिवाळीचा सीझन येतो. भाडं चालूच राहतं आणि ते एकाच्याच कार्डवरून कापलं जातं. वर्गणी पहिल्या महिन्यात यूपीआयने पाच मिनिटांत जमते, तिसऱ्या महिन्यात मागताना भरीत पार्टीची उधारी मागितल्यासारखं वाटतं. घ्यायचाच तर महिन्याच्या बोलीवर घ्या, वर्षाची सूट दिसली तरी भुलू नका. आणि सोडण्याआधी वर्ल्डची फाइल उतरवून घ्या.

एक गैरसमज मात्र काढून टाकतो. ‘सर्व्हर भारी घेतला की लॅग (खेळ अडखळणं) संपला’ हे वॅल्हाइममध्ये खरं नाही. तिथे एखाद्या भागात जो खेळाडू आधी पोचतो, त्या भागातल्या राक्षसांचा आणि वस्तूंचा हिशेब त्याचाच कॉम्प्युटर करतो. सर्व्हर तो फक्त इतरांपर्यंत पोचवतो. म्हणून आमचा रावेरवाला हॉटस्पॉटवरून सगळ्यांच्या आधी पळत गुहेत शिरला की मागून येणाऱ्या आम्हा तिघांना राक्षस जागच्या जागी सरकताना दिसतात. मुंबईचा सर्व्हर घेतला असता तरी तेच झालं असतं. आमचा नियम आता असा, की नवीन जागी धुळेवाला आधी जाणार. त्याचं नेट चांगलं आहे. तो मरतोही तितकाच, पण ते वेगळं.

सगळ्यांकडे कॉम्प्युटर नसेल तर

मग माइनक्राफ्टची बेडरॉक आवृत्ती, वाद नको. फोनवर चालते, कॉम्प्युटरवर चालते, आणि दोन्हीकडचे एकत्र खेळतात. जावा आवृत्ती फोनवर नाही, आणि जावावाले-बेडरॉकवाले एकमेकांच्या वर्ल्डमध्ये जाऊ शकत नाहीत. विकत घेण्याआधी हे सगळ्यांना सांगा, नाहीतर एकाचे पैसे वाया जातील. एकाच वायफायवर असाल, सुट्टीत गावाला भावंडं जमली असतील, तर नेटही लागत नाही, वर्ल्ड आपोआप दिसतं. वेगवेगळ्या गावी असाल तर रेल्म्स, म्हणजे माइनक्राफ्टचाच भाड्याचा सर्व्हर घ्या. वर्गणी मालकच भरतो, बाकीच्यांकडे फक्त गेम हवा, आणि मालक झोपलेला असला तरी वर्ल्ड उघडं. बेडरॉकच्या लहान रेल्ममध्ये मालकासोबत एका वेळी दोघं, मोठ्यात दहा. सोय म्हणून उत्तम, मोड-बिड (गेममध्ये बदल करणारे जोड) टाकायची मुभा कमी.

आणखी दोन नावं जाता-जाता. राफ्टला डेडिकेटेड सर्व्हर नाहीच, म्हणजे कोणाच्या तरी घरचाच मामला. ग्राउंडेडमध्ये ‘शेअर्ड वर्ल्ड’ आहे: चौघांपैकी कोणीही ते उघडू शकतो. आमच्यासारख्या उलट्यासुलट्या शिफ्टवाल्यांसाठी इतकी शहाणी सोय बाकीच्या गेमनी का उचलली नाही, कोण जाणे. डाउनलोडचंही बघा. वॅल्हाइम आला तेव्हा १ जीबीच्या आत होता, पालवर्ल्डला ४० जीबी जागा लागते. दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर हा हिशेब रावेरवाल्याला विचारा.

घर हलवताना

आज होस्ट करून सुरुवात केली तरी उद्या लॅपटॉपवर किंवा भाड्याच्या सर्व्हरवर जाता येतं, म्हणून पहिल्याच दिवशी फार विचार करू नका. वॅल्हाइममध्ये वर्ल्डच्या एकाच नावाच्या दोन फाइल असतात, एक डीबी आणि एक एफडब्ल्यूएल. वर्ल्ड स्टीम क्लाउडवर असेल तर गेममधल्या ‘मॅनेज सेव्ह्ज’मधून आधी ते लोकलला हलवा, मग फोल्डरमध्ये या फाइल दिसतील. दोन्ही न्यायच्या.

धुळेवाल्याने आम्हाला एकच पाठवली, छोटी, एफडब्ल्यूएलची. ती व्हॉट्सॲपवर क्षणात आली म्हणून सगळे खूश. तिच्यात वर्ल्डचं नाव आणि सीड, म्हणजे जमीन कशी असेल ते ठरवणारा कोड असतो. बांधलेलं सगळं असतं ते डीबीत. मी सर्व्हर चालू केला, सगळे आत आले. तोच किनारा, तेच डोंगर, तीच खाडी. आम्ही धावत टेकडीवर गेलो, तर दोन महिने बांधलेल्या घराच्या जागी गवत आणि एक हरीण.

‘आपलं घर कोठे गयं भो?’ रावेरवाल्याने विचारलं. धुळेवाला तोवर मोठी फाइल ड्राइव्हवर चढवायला लागला होता.